रफीकभाईची खबर

हे आजवर माझ्या तोंडून निघालं नाही — बायकोपुढंही नाही. अकोटात माझं हार-फुलांचं दुकान आहे. पोलिसांच्या शांतता समितीत मी मेंबर. समोर रफीकभाईचं गाद्या भरायचं दुकान. वीस वर्षांचा शेजार.

एका दुपारी ते आले. म्हणाले, गल्लीत दोन अनोळखी माणसं खोली घेऊन राहिले. लोकायले स्फोटाचे व्हिडिओ दाखवतात, बदला घ्या म्हणतात. रफीकभाईनं मुद्दाम त्यायच्यासंग बसून सारं ऐकून घेतलं होतं. 'ठाण्यातल्या साहेबाले सांगा, भाऊ. मी सांगतलं हेही सांगा, पण फक्त साहेबाले.'

मी ठाण्यात गेलो. साहेबानं विचारलं, तुमाले कसं समजलं? अन् मी — काय सांगू तुमाले — म्हणलं, माझं लक्ष असते साहेब. बस, एवढंच. भीती होती काय? छे! मोठेपणा पाहिजे होता मले.

ते दोघं धरले गेले. खोलीत बारूद सापडली. समितीच्या बैठकीत शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. अन् त्याच संध्याकाळी पोलिसायनं रफीकभाईले उचललं — त्या दोघांसंग बसलेलं लोकायनं पाहिलं होतं ना! वहिनी रडत माझ्याकडे आल्या. साहेबापुढं एकच वाक्य बोलायचं होतं: खबर रफीकभाईनंच दिली. पण मग शाल काहून घेतली, असं कोणी विचारलं असतं तर? पाहतो वहिनी, म्हणलं. अन् घरी जाऊन जेवलो. पोटभर जेवलो.

काही निघालं नाही म्हणून चार दिवसांनी रफीकभाई सुटले. मले वाटलं, भर रस्त्यात माझी इज्जत काढतील. नाही काढली. हसले. तेच हसू अजून आहे — रोज, तेवढंच, नजर माझ्या मागं कुठंतरी. आता त्यायच्याकडे कोणी गादी भरायले टाकत नाही.

मागच्या महिन्यापासून गल्लीत पुन्हा दोन नवे चेहरे दिसून राहिले. ते दोघं दुकानापुढं येऊन बोलत उभे राहिले की रफीकभाई कापूस पिंजायची मशीन लावतात. आत कापूस नसतो. रिकामी मशीन घरघरत राहते, अन् हे तिच्याजवळ हसत बसलेले. त्यायचा एक शब्दही कानावर पडू नये म्हणून.

काल मी रस्ता ओलांडून गेलो. विचारलं, कोण हाये हे लोक? काय बोलतात?

"मी कोणाले पाहिलंच नाही, भाऊ," रफीकभाई म्हणाले.

ते दोघं आमच्यापासून चार हातांवर उभे होते. ज्या माणसानं गल्ली वाचवली, त्याचं तोंड बंद झालं. मी केलं ते.