पाच नंबरची काठी, आठ नंबरची दोरी

जावयाने परदेशातून मासे पकडायचा रॉड पाठवला, आणि त्या दिवसापासून मी चिडलेला आहे. आधी जावयावर चिडलो, मग दुकानदारावर, मग निर्मळ गावच्या एका निष्पाप केळीवर. ज्याच्यावर खरं चिडायला हवं होतं त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागला, कारण रॉड हातात धरून तोच उभा होता.

हा रॉड म्हणजे आपला नेहमीचा गळ नव्हे. आपल्या गळाला टोकाशी शिशाचा तुकडा असतो. फेकला की तो दोरीला ओढत नेतो. इथे सगळं उलटं. टोकाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन कसलं? म्हणून इथे दोरीच वजनदार असते, आणि दोरी माशीला वाहून नेते. काठीला जेवढी झेपेल तेवढ्याच वजनाची दोरी लागते, त्यासाठी दोघींवर नंबर छापतात. माझ्या काठीवर मुठीच्या वर स्पष्ट ५ लिहिलेलं होतं. पाचाला पाच. बालवाडीतल्या मुलालाही जमेल.

मी आठ नंबरची दोरी मागवली.

कारण माझी तीस वर्षं तांब्याच्या तारेत गेली. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात विजेच्या मोटरींत तार गुंडाळायचं वाइंडिंग चालायचं, तिथे मी सुपरवायझर होतो. तारेचा कायदा असा, की गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. बावीसपेक्षा तेवीस बारीक. तेव्हा पाचपेक्षा आठ हलकी असणार, आणि हलकी दोरी लांब जाणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. दुकानदाराने तरी फोनवर सांगून बघितलं.

"काका, रॉडवर पाच आहे ना? मग पाचच घ्या."

"अहो, मला जरा हलकी हवीय."

"हलकी हवी तर मग आठ कशाला..."

"मला नंबर शिकवू नका. माझं आयुष्य नंबरांत गेलंय!"

बिचाऱ्याने आठ नंबर पाठवून दिली. मला आजही त्याचा राग येतो. अजून दोन मिनिटं भांडला असता तर काय बिघडलं असतं?

आता या वयात हा उद्योग कशासाठी, ते सांगतो. चंदनसारच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर कावळे पकडायला नक्कीच नव्हे. निर्मळला माझा जुना सहकारी राहतो. आमच्या गाळ्यातला सगळ्यात चांगला वाइंडर. तार चिमटीत धरून नुसती फिरवली की गेज सांगायचा. मी सुपरवायझर असूनही तो मला अरे-तुरे करायचा, आणि मला ते आवडायचं. मग एक दिवस एक मोटर जळाली. बावीसच्या जागी तेवीस गेजची तार भरली होती, भरणारा तो. मी सगळ्या गाळ्यासमोर त्याच्यावर ओरडलो, "आकडा वाचता येत नाही का रे, गाढवा?" आणि त्याला वाइंडिंगवरून काढून वार्निशच्या टाकीवर टाकलं. ती बोटं वार्निशमध्ये.

त्या दिवसापासून मी 'साहेब' झालो. "हो साहेब." "या साहेब." "बसा साहेब." त्याला बारा वर्षं झाली. मी रिटायर झालो, तो रिटायर झाला, माझं साहेबपण काही रिटायर होईना. ते 'साहेब' मला त्याच्या तोंडातून काढायचं होतं. त्याच्या वाडीत बावखल आहे, झाडांना पाणी शिंपण्यासाठी पूर्वी खणलेलं लहानसं तळं. त्यात मासे आहेत. रॉड हे निमित्त चांगलं होतं.

"या साहेब," त्याने दारातच माझं स्वागत केलं. झाली सुरुवात.

तो बावखलाच्या काठावर बांबूची काठी आणि गांडूळ घेऊन बसला. मी अंतर घेऊन उभा राहिलो, आणि हात मागे नेऊन जोरात पुढे मारला. रॉड मुठीपर्यंत वाकला. वाकला तो सरळ व्हायलाच तयार नाही. दोरी हवेत जेमतेम उठली आणि माझ्या पायाशी ढीग होऊन पडली. दुसऱ्यांदा पाण्यावर अशी आपटली, की समोरचा खंड्या उडून गेला. तिसऱ्यांदा मागे गेली ती आलीच नाही. माशी केळीच्या पानात रुतली होती.

चहा घेऊन आलेल्या वहिनी थबकल्या. "भावजी, केळीला मासे लागतात हे आजच कळलं मला."

एव्हाना त्याने बांबूने दोन चिलाप्या काढल्या होत्या. माझं डोकं फिरलं.

"डुप्लिकेट माल आहे सगळा! जावयाने रॉड सेलमध्ये घेतला असणार. आणि तो दुकानदार, लुटारू मेला!"

तो उठला. लुंगीला हात पुसले. पायाशी पडलेली दोरी उचलून त्याने अंगठा आणि बोटामध्ये धरली आणि डोळे मिटून हळूच फिरवली. बारा वर्षांनी मी ती चिमूट बघत होतो.

"साहेब, ही तुमच्या काठीला जड हाय."

"जड? आठ नंबर आहे ती!"

"नंबर काय असंल तो असो. बोटाला जाड लागते."

माझ्या पिशवीतला खोका त्याने काढला, आतला कागद उलगडला. त्यात एकाखाली एक दोऱ्यांची चित्रं होती. एक नंबर केसासारखी, खाली येता येता आठ नंबर सुतळीएवढी. त्याने आठावर बोट ठेवलं, मग रॉडवरच्या पाचावर ठेवलं, कागदाची पुन्हा तशीच घडी घातली आणि गांडूळ लावायला बसला. बस, एवढंच.

तेव्हा मला जो राग आला तसा आयुष्यात आला नव्हता. त्याने ते वाक्य म्हणायला हवं होतं. त्याचा हक्कच होता.

"म्हण ना!" मी ओरडलो. "वाचता येत नाही का म्हण!"

"मी कशाला म्हणू, साहेब?"

"कारण त्या जळालेल्या मोटरच्या जॉब कार्डावर गेज मी लिहिला होता! मी बावीसच लिहिलं, पण शेवटी आलेला माझा मराठी दोन तीनसारखा दिसतो! त्याला खाली शेपूट येतं! तू तेवीस वाचलंस ते बरोबरच वाचलंस. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि मी गप्प बसलो. समजलं?"

माफी कोणी अशी मागत नाही, ठाऊक आहे. पण एवढ्या वर्षांची आंबलेली माफी हळू आवाजात निघत नाही. वहिनी हातातला ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

तो पाण्याकडेच बघत होता. "कार्ड कपाटात हाय माझ्या," तो म्हणाला. "तेवीसच दिसतंय अजून."

म्हणजे त्याला माहीत होतं. बारा वर्षं हा माणूस माझ्या अक्षराचा पुरावा कपाटात ठेवून मला 'बसा साहेब' म्हणत होता! मी पुन्हा भडकलो.

"मग कार्ड माझ्या तोंडावर का नाही मारलंस?"

"तू बोलतोस का बघत होतो," तो म्हणाला. आवाज चढलेला होता, माझ्यापेक्षा जास्त. "बारा वर्षं लागतात होय रे? आता ती माशी काढ केळीतून. आणि पान फाडू नकोस, उद्या बाजारात द्यायचंय."

मी अगदी जपून ओढली, पण पान देठापर्यंत फाटलं.

त्यावर तो जे बोलला ते इथे छापता येणार नाही. वहिनी तर ट्रे टाकून आतच पळाल्या. पण मी ते शब्दन् शब्द कान देऊन ऐकलं, आणि त्यात 'साहेब' कुठेही नव्हतं.