पावाच्या गाडीतलं बिऱ्हाड

द्वारका चौकात दर शनिवारी लिंबू-मिरची विकणारी एक मावशी होती. ती नसती तर नाशकात मी टिकलो नसतो. तिचं नाव मला माहीत नाही. तिनेही माझं कधी विचारलं नाही. त्या शहरात नाव-आडनाव न विचारणारी ती एकटीच.

बाकी सगळे विचारायचे. नववीत शाळा सोडून, पुढे काही वर्षांनी मी भंडाऱ्याकडून इकडे आलो. पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये भिंतींना थर्माकोल चिकटवायचं काम. खोली बघायला गेलो की मालक आधी आडनाव विचारायचे, आणि मग खोली 'कालच दिली' असायची. अशा पाच खोल्या कालच गेल्या. शेवटी ठरवलं, जुनी बंद गाडी घ्यायची आणि तिच्यातच राहायचं.

पण कोणती? आत माणूस झोपतो हे कळलं तर कोणी लुटेल, नाहीतर हाकलून देईल, ही धास्ती होती. पिंपळगावची जीप भरेपर्यंत मी मावशीच्या टोपलीशेजारी उभा असायचो. तिचा हात किती गाड्यांच्या तोंडाला लागलेला! तिलाच विचारलं.

"एक जुनी ॲम्ब्युलन्स मिळतेय."

"येडा का रं तू? लोक दार वाजवून पेशंट घालतील आत."

"आइस्क्रीमवाल्याचीपण एक आहे."

"मग पोरं लागतील मागं. सकाळी बघितली नि संध्याकाळी रंग आठवला नाय, अशी घे."

अशी मिळाली. एका बेकरीची पाव वाहणारी गाडी, धड पांढरी नाही, धड करडी नाही. मागे खिडकी नाही, छताला हवेची जाळी. मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि ड्रायव्हरच्या सीटमागचा पत्रा कापून आत शिरायला वाट केली. बाहेर कुलूप दिसलं की आत कोण असणार? कामावरचे थर्माकोलचे तुकडे आतून लावले. पावाच्या चुऱ्यावरच्या मुंग्या मात्र महिनाभर हटल्या नाहीत.

"आता दर शनिवारी लिंबू-मिरची बांधत जाईन," मावशी म्हणाली.

"नको मावशी. आमच्या घरी बुद्धवंदना होते. आम्ही हे मानत नाही."

"बरं," म्हणाली. रागावली नाही.

ट्रकच्या अड्ड्यामागे भिंतीलगत गाडी उभी करायचो. बेकरीचं नाव खरवडून काढलं होतं. आत खोकलासुद्धा उशीत तोंड खुपसून. आई फोनवर विचारायची, "खोली कशी आहे बाबू?" मी म्हणायचो, "हवेशीर आहे." सुट्टीच्या दिवशी कोणाशी एक शब्दही न बोलता संध्याकाळ व्हायची.

एका शनिवारी रात्रपाळी करून दुपारी झोपलो होतो. गाडी एका बाजूने वर उचलली जाऊ लागली. बाहेर दोघे बोलत होते. मागच्या चाकाला जॅक लावला होता. ओरडावं तर आत माणूस राहतो हे कळणार. गप्प राहावं तर चाक जाणार. मी तोंडावर हात दाबून पडून राहिलो.

तेवढ्यात मावशीचा आवाज. तिच्या घरी जायची वाट तीच.

"ए भाड्या, कोणाची गाडी खोलतो?"

"बेवारस हाय मावशी. किती दिवस झाले, धूळ बघा. लिंबूपण नाय."

"माझ्या भाच्याची हाय. आज शनिवार, तेच बांधाया आले. उतरव जॅक!"

जॅक उतरला. दोघे गेले. पुढे बंपरपाशी दोरा बांधल्याची खुडबुड ऐकू आली. मग पत्र्याजवळ येऊन ती हळूच म्हणाली, "तू नको मानू. पण गाडीला कोणीतरी हाय, एवढं दिसू दे. झोप आता."

मला झोप आली नाही. किती तरी महिन्यांनी कोणीतरी मला झोप म्हणालं होतं.

लपायच्या नादात मी गाडी बेवारस करून टाकली होती. त्यानंतर दर शनिवारी ताजं लिंबू असायचं, आणि गाडीला कोणी बोट लावलं नाही.

"जन्मभर गाड्यांच्या तोंडाशी उभी राहिले," ती एकदा म्हणाली, "पुढच्या सीटवर काय बसले नाय."

"चला की, पेठला सोडतो तुमच्या माहेरी."

"कवातरी. शनिवार सोडून."

तो दिवस आला नाही. आमच्या ठेकेदाराचं काम गुजरातला गेलं आणि मला एका बुधवारी तडकाफडकी निघावं लागलं. ती चौकात नव्हती. सुकलेलं लिंबू पुढे लटकत माझ्याबरोबर आलं.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. पुढची सीट नवी शिवून घेतली आहे, तिच्यावर कोणाला बसू देत नाही. मावशी, एक दिवस शनिवार सोडून येईन, आणि पेठच्या घाटातून तुम्हाला माहेरच्या दारात उतरवीन.