जानेवारीतली रजा

इथे परदेशात, लिक्सलिपच्या आमच्या प्लांटमध्ये माझा एक मित्र पाणी शुद्ध करायच्या युनिटवर असतो. चहा संपला की कपात घोटभर पाणी घालतो, विसळतो आणि तेच पिऊन टाकतो. बघणाऱ्याला कसंसंच होतं. ही सवय वाळवंटातली. जानेवारीत आम्ही इथले सगळे भारतीय रजा काढून घरी आईवडिलांकडे पळतो. हा मोरोक्कोत जातो, पाठीवर तंबू आणि बेताचं पाणी घेऊन वाळूत एकटाच पायी हिंडतो.

"नळ नाही, रेंज नाही. एकदम ग्रँड!" एवढंच सांगतो.

आई होती तोवर तोही नागपूरला जायचा.

काल शिफ्ट संपल्यावर दोघंही दमून पावसात बसची वाट बघत होतो. मी विचारलं, "तिकडे एकटं वाटत नाही रे?"

ओली टोपी पिळत तो म्हणाला, "तिकडे नाही वाटत."