चोपणं मारलेलं बास्केटबॉलचं मैदान

ऐंशी सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी शिपाई होतो. माझी शाळा चौथीपर्यंत. पण मैदान माझ्या ताब्यात होतं, आणि तिथे प्राचार्यसुद्धा मला विचारल्याशिवाय खुर्ची मांडत नसत. खोटं वाटत असेल तर वाटू दे.

दिवाळी झाली की शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजशी आमची बास्केटबॉलची मॅच असायची. एक वर्ष त्यांच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे, असं ठरलेलं. पण त्यांचं मैदान सिमेंटचं आणि आमचं जांभ्या मातीचं. त्यामुळे आमची पाळी आली की त्यांचे खेळाचे सर मातीला नावं ठेवायचे आणि मॅच आपल्याकडे ओढून न्यायचे. त्या वर्षी आमच्या सरांनी फार विनवलं, तेव्हा ते म्हणाले, "आदल्या दिवशी येऊन बघतो. बॉल नीट उसळला तर तुमच्याकडे."

झालं! कँटीनमध्ये आठ दिवस दुसरा विषय नाही. त्यांच्यात एक पोरगा पोफळीसारखा सरळसोट वर गेलेला. आमचा कॅप्टन बुटका, पण पायाला भिंगरी.

"मामा, कोण जिंकणार?" पोरं मला विचारायची.

"आपण."

"आणि तो पोफळ?"

"तो वरचा बॉल घेईल. पण बॉल खाली येतो ना? खाली आपला माणूस आहे."

आमचे सर घाटावरचे. ते म्हणाले, रोलर फिरवा, पाणी मारा, झालं. मी म्हटलं, "सर, रोलर रस्त्याला. आमच्याकडे पावसाळा संपला की घरापुढचं खळं करतात, तसं करणार मी."

"मामा, अंगण नाही हे. कोर्ट आहे."

"माती तीच आहे ना?"

मग काय, मी ऐकतो होय! जमीन खणली, खडे वेचले, पाणी घालून भिजवली आणि आठ दिवस सकाळी चोपणं मारलं. चोपणं म्हणजे जमीन ठोकायचं दांड्याचं जाड फळकूट. शेवटी असं झालं की टाच मारली तर टाच दुखावी.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण पाहुणा बघायला येणार आणि जमीन उघडी कशी दाखवायची? बघायच्या दिवशी उजाडताना बायकोला वाडीतून हारे, म्हणजे मोठ्या टोपल्या, भरभरून शेण आणायला लावलं.

"अवो, ह्या कशाला सारवताव?" ती म्हणाली. "पोरा उड्या मारायची हायत, लगीन नाय हाय!"

मी सारवलंच. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटांच्या रेघा एकसारख्या. आणि नेमकं त्या दिवशी मळभ, सारवण वाळलंच नाही.

दहाला त्यांचे सर आले. मधोमध उभे राहून त्यांनी बॉल सोडला. थप्प! गुडघ्यापर्यंतसुद्धा आला नाही, आणि हातात घेतला तर त्याला ही हिरवी चकती. आमची पोरं आधी हसली, मग हसतोय कशाला ते कळून गप्प झाली. आमच्या सरांनी कपाळाला हात लावला.

त्यांच्या सरांनी मात्र बूट-मोजे काढले आणि अनवाणी एक फेरी मारली.

"चोपणं कोणी मारलं?"

"मी."

"आमचे वडील असंच मारायचे. जमीन झक्क आहे. पण सारवलंत कशाला आज?"

"तुम्ही येणार म्हणून."

"पाहुण्याला चहा देतात हो!" ते खो खो हसले. मग म्हणाले, "चारला परत बघतो. डोक्याएवढ्या उंचीवरून सोडीन. कमरेच्या वर आला तर मॅच इथे. नाहीतर उद्या तुम्ही आमच्याकडे या."

आमचे सर लगेच म्हणाले, "मी एसटीची वेळ बघून येतो."

"बघा," मी म्हटलं. "तिकिटं काढू नका."

स्वतःच्या हातानं केलेलं सारवण स्वतः खरवडायचं म्हणजे जिवावर येतं. पण खरवडलं. भाताच्या गिरणीतून तुसाची पोती आणून पसरली. तुसानं ओल ओढून घेतली. ते खराट्यांनी झाडलं आणि वाडीतली चोपणी आणून सगळ्या टीमला कामाला लावलं. बायको खराटा मारता मारता म्हणाली, "सांगितला व्हता मी."

"मला ऐकू नाही आलं."

कॅप्टन कुरकुरला, "मामा, हाताला फोड आले तर उद्या बास्केट कोण करणार?"

"फोड आले की बॉल घट्ट धरशील. मार तू!"

दोन वाजता ऊन पडलं. अजून लोक म्हणतात, उन्हानं वाचवलं. म्हणोत.

चारला त्यांचे सर आले. मधे बॉल सोडला, कमरेच्या वर आला. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा, ठीक. चौथ्यात जरा सावली असायची. तिथे त्यांनी दोनदा सोडून बघितला. दोन्ही वेळा बॉल त्यांच्या पट्ट्याच्या वर उसळला.

"उद्या साडेतीनला पोरं घेऊन येतो," ते म्हणाले. "मैदान तुमचं. कप आमचा."

"कपाचं उद्या बघू," मी म्हटलं.

नोटीस लिहायचं काम कारकुनाचं, त्याचं अक्षर मोत्यासारखं. त्या दिवशी मी त्याच्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: उद्या साडेतीनला मॅच. आपल्या मैदानावर. आपणच जिंकणार.

आमचे सर आले, वाचलं. "मामा, शेवटची ओळ पुसा. नोटीस आहे ही."

"तुम्ही एसटी बघायला गेलात तेव्हा मी इथे होतो," मी म्हटलं. "मी नाही पुसणार."

त्यांनी डस्टर उचललं. फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग डस्टर ठेवून खडू घेतला आणि माझ्या ओळीखाली स्वतःच्या हातानं लिहिलं: सर्वांनी वेळेवर यावे.