हसऱ्या चेहऱ्याचं बटण

आमच्याकडे कुणी ‘कसं काय’ विचारलं की ‘बरं हाय’ म्हणायचं असतं. अंगात ताप असो, घरात भांडण असो. खरं काय ते नंतर, चहा झाल्यावर निघतं. आमच्या डॉक्टरांना हे पक्कं ठाऊक होतं. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, साखर आहे. त्या दवाखान्यात शिरल्या की डॉक्टर एवढंच म्हणत, “माय, चप्पल काढ. पाय दाखव.” त्या ‘बरं हाय, बरं हाय’ म्हणत राहायच्या आणि डॉक्टर तळवे दाबून बघत असायचे.

मग याच डॉक्टरांनी दवाखान्याला काचेचं दार लावलं आणि शहरातल्या कुठल्याशा कंपनीबरोबर मेंबरशिप सुरू केली. वर्षाची वर्गणी भरायची, मोबाइलमध्ये ॲप घ्यायचं. मेंबर नसेल त्याने दुसरा दवाखाना बघायचा. नवऱ्याने आईला मेंबर केलं.

“आता लाइन लावा लागत नाही,” तो म्हणाला. “आईची रोज चौकशी होते, बसल्या जागी.”

“तुम्ही करत जा ना रोज. फुकटात होईल,” मी म्हटलं.

सकाळी सहाला मोबाइल वाजायचा. ‘आज कसं वाटतंय?’ खाली तीन चेहरे: हसरा, गप्प आणि रडका. आत्याबाई अंघोळ करून, देवापुढे दिवा लावून मोबाइल घेऊन बसायच्या आणि हसऱ्या चेहऱ्यावर अंगठा दाबायच्या. टाळ्या वाजायच्या. त्या खूश.

“कोणी तरी इचारून राह्यलं, पोरी. घरचे तं इचारत नाही.”

हा टोमणा मला होता. मी भाकरी थापत होते, थापत राहिले.

तूर कापून झाली होती. आत्याबाई शेतात शेंगा वेचायला गेल्या आणि तुरीच्या टोकदार धसकटावर पाय पडला. साखरेने तळवे बधिर झालेले, त्यांना कळलंही नाही. कळलं तेव्हा हळद भरून चिंधी बांधली आणि वरून लुगडं ओढलं. मला वास आला तेव्हा बोटं सुजून निळसर पडली होती.

“सकाळी काय दाबलं?” मी विचारलं.

“हसतं. सकाळी सकाळी रडतं तोंड कायले दाबा? दिवस खराब जाते.”

फोटो पाठवायची सोय रडका चेहरा दाबल्यावरच उघडायची. मी दाबून पाहिला. ‘आजची नोंद झाली आहे. उद्या पुन्हा भेटू.’

मी मोबाइल पिशवीत टाकला आणि त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. नवरा बाजारातून तिथेच आला. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन बघितली.

“ताई, आजींचं आज सकाळीच ‘छान’ आलंय.”

“पाय बघ.”

“मी कशी बघणार? उद्या सकाळी ‘त्रास’ दाबा, मग अपॉइंटमेंट उघडेल.”

काचेपलीकडे डॉक्टर दिसत होते. मोबाइल समोर उभा करून कुणाशी तरी बोलत होते, हसत होते. मी काच वाजवली. त्यांनी हात वर करून थांबा म्हटलं आणि परत मोबाइलकडे वळले. अर्धी दुपार गेली. आत्याबाई म्हणाल्या, “चाल पोरी, त्याईले काम हाय.” मी दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर नवरा म्हणाला, “मेंबर हावो ना आपण. मंग दुसऱ्याकडे कायले?”

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधी मी मोबाइल ताब्यात घेतला. रडका चेहरा दाबला, फोटो पाठवला. वेळ मिळाली ती त्याच्या पुढच्या दिवशीची. त्या दिवशी डॉक्टरांनी चिंधी सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“नांदेडला न्या. आत्ता.”

नांदेडला दोन बोटं कापली. बाकीचा पाय राहील की नाही ते पुढच्या काही दिवसांत कळणार होतं.

तिथे डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी विचारलं, “कशी आहेस, माय?”

“बरं हाय, सायेब,” आत्याबाई म्हणाल्या. “तुमी कसे हा?”

मी फोन हिसकून घेतला. “दोन बोटं कापली. आता पायाचं काय होतं त्याची वाट बघतोय. पाय दाखव म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?”

ते म्हणाले, “पण ॲपवर तर...”

मी फोन बंद केला.

आत्याबाई माझ्यावर जाम भडकल्या. “एवढ्या दुरून फोन केला त्याईनं, अन् तू अंगावर गेली. लाज आणली.”

“बोटं गेली तुमची.”

“गेली तं गेली. माणूस इचारते तं बरं हाय म्हणा लागते.”

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या हातचा चहा घेतला नाही.

नर्स आली. हसून खाली वाकली. “काय आजी, कसं वाटतंय आज?”

आत्याबाई इकडे वळल्या. तोंड उघडलंच होतं.

“त्यांना विचारू नका,” मी म्हटलं. “पट्टी सोडा आणि बघा.”