तेलमामा आणि अडलेली किंगपिन

रविवारची सकाळ. दूध उतू जायच्या बेतात होतं आणि दाराची कडी वाजली. गॅस बारीक करून दार उघडलं, तर तेलमामा. धुतलेला सदरा, बगलेत फडक्यात गुंडाळलेली कानस आणि छिन्नी.

"तो येऊन गेला का?"

"कोण, मामा?"

"पलीकडचा गॅरेजवाला. गॅस-कटर घेऊन येणार आहे म्हणे."

"अकराला येणार आहेत. चहा टाकू?"

"अकराच्या आत चहा नको," म्हणत ते थेट शेडकडे वळले.

तेलमामा आमच्या गल्लीतले निवृत्त मेकॅनिक. कोणाचा कुठलाही नट अडला की त्यांचा एकच सल्ला, तेल सोडा आणि गप्प बसा. त्यावरूनच नाव पडलं. माझ्या सासऱ्यांची जुनी मोटार शेवटपर्यंत त्यांच्याच हाताखालची. सासरे गेल्यावर ती शेडमध्ये पडून होती, आणि आता आमचे हे तिला पुन्हा रस्त्यावर आणायच्या मागे लागलेत.

पुढचं चाक ज्या जाड खिळीवर वळतं ती किंगपिन. ती जागची हलू नये म्हणून तिला आडवी एक छोटी खीळ असते, कॉटर. आधी कॉटर निघाली तरच किंगपिन निघते. हे मला कळायचं काही कारण नव्हतं, पण आठ दिवस जेवताना घरात दुसरा विषयच नव्हता. यांनी तेल सोडलं, डिझेल सोडलं, शेवटी माझ्या खलबत्त्यातला बत्ता पळवला. कॉटर ढिम्म. शेवटी ती गॅस-कटरने कापून काढायचं ठरलं. रोज संध्याकाळी तेलमामा शेडच्या दारात यायचे, "तेल, तेल" म्हणायचे आणि आत न येताच निघून जायचे. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आज मात्र सत्तरी उलटलेला हा माणूस सरळ मोटारीखाली शिरला.

"मामा, पुढून ठोकायची की मागून?" यांनी विचारलं.

"तू आधी तो बत्ता खाली ठेव. सूनबाई, बॅटरी धरा. डोळ्यांत नको हो माझ्या, तिकडे!"

कानस सुरू झाली. ग्रीसचा थर गेला, रंगाचा गेला, आणि कॉटरच्या टोकाशी वाटाण्याएवढा चकचकीत ठिपका दिसला.

"मामा, हे तर वेल्डिंग आहे!"

"आहे."

"कुठल्या गाढवाने केलं?"

मोटारीखाली कानस थांबली.

"मी."

हे वाकून मोटारीखाली बघू लागले.

"तुझ्या वडिलांनी एकदा गाडी माझ्याकडून काढून त्या पलीकडच्याकडे न्यायचं ठरवलं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता उघड म्हणावं! गाडी सोडण्याआधी टाका मारला, घासला, वर रंग दिला. पुढे ते परत माझ्याकडेच आले, पण काढायचं राहूनच गेलं. आठ दिवस तुझी ठोकाठोक ऐकतोय. घास गोड लागत नाही. आणि आता नेमका तोच येऊन हे बघणार! गावभर सांगत सुटेल."

यांचे सुजलेले तळवे बघून मला वाटलं, आता भांडण होणार. हे नुसते म्हणाले, "दहा चाळीस झालेत. आवरा."

छिन्नीचे चार घाव, मग पितळी सळईवर दोन ठोके. कॉटर टणकन फरशीवर पडली. किंगपिनही कुरकुरत बाहेर आली. हे पायानेच कीस बाजूला सारतायत तोच गॅस-कटरवाले दारात हजर.

"निघाली? अडली कशी होती एवढी?"

हे त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "गंज."

"चांगलाच चिवट गंज म्हणायचा," ते म्हणाले आणि सिलिंडर ओढत परत गेले.

तेलमामा मोटारीखाली उताणे पडूनच होते. हात धरून त्यांना बाहेर काढलं, चहा दिला. चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता, यांच्याकडेही न बघता म्हणाले,

"नवी किंगपिन मला बसवू द्या."