मिस कॉल

‘मिस’ हा इंग्रजी शब्द आमच्या घरात एसटीतून आला. मी शिकायला नगरला निघाले की आई तिसगावच्या स्टँडवर एकच गोष्ट बजावायची, “पोचल्यावर मिस कॉल दे. बोलत बसू नकं, उगं पैसं जात्यात.” पोचल्यावर मी एक रिंग द्यायचे आणि कापायचे. तिकडे तिचा जीव भांड्यात पडायचा. एसटी मिस झाली तर मिस कॉलही उशिरा, आणि मग पुढच्या खेपेला बोलणी खायची. भावाची मोटरसायकल चढाला अडखळली की तो म्हणायचा, “मिस मारतीय.” एवढ्यावर आमचा मिस संपत होता.

माझी मुलगी पुण्यात वाढली. तिच्या शाळेत तर बाईंनाच मिस म्हणतात. ती एकदा फोनवर म्हणाली, “आजी, आय मिस यू!” आईने तिला लगेच खोडून काढलं, “न्हाई गं बाई, मिस कुटं केला? लगीच उचलला की!” हसून हसून आमची पुरेवाट झाली. मग मी आईला सांगितलं, असं म्हटलं की मिस म्हणजे आठवण येणं.

“आस्सं व्हय,” आई म्हणाली. “मंग मिस कॉल म्हंजी आटवनीचा कॉल. इतकी वर्सं आपुन त्योच देत हुतो की.”

चूक होती, पण ती दुरुस्त करायला माझी जीभ काही रेटली नाही.

आता तिचे कान गेलेत. यंत्र आणून दिलं तर ते डब्यात ठेवलंय. घातलं की डोक्यात गिरणी चालू होते म्हणे. फोनवर मी कितीही ओरडले तरी “काय? काय गं?” करते आणि वैतागून ठेवून देते. आता कितीही बोला, पैसे जात नाहीत, तर हे असं. मला तिचा आवाज हवा असतो. चिडका तर चिडका, पण हवा असतो. तिने मात्र स्वतःपुरता तोडगा काढला आणि पुन्हा मिस कॉल सुरू केला. रोज संध्याकाळी येतो. मी उचलायचा नाही, एवढाच नियम.

मध्यंतरी एकदा चुकून उचलला गेला. तिला कुठलं कळायला! ती शेजारणीशी बोलत होती. शेजारीण ओरडून विचारत होती, “लेकीकडं काय काम निगालं?”

“काम कशाला लागतंय?” आई म्हणाली. “मिस कॉल हाय त्यो.”

फोन कट झाला. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि मी ओट्यापाशी तशीच रडत उभी राहिले.

तेव्हापासून मी रोज उचलते आणि गप्प राहते. कधी शेजारीण आलेली नसते. मग नुसता तिचा श्वास ऐकू येतो, आणि ती कापते.